उतारशाळेच्या रक्षकाचे दोन दिनार

दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी ती निर्जन वाट, लुटारूंच्या हाती सापडून अर्धमेला झालेला तो वाटसरू, त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि अखेरीस कळवळून थांबलेला तो परका शोमरोनी. या दाखल्यावरील प्रवचने बहुधा शोमरोन्यापाशी येऊन संपतात. परंतु संत लूकच्या शुभवर्तमानात या कथेत आणखी एक माणूस आहे. त्याला नाव नाही, त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक.

शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने निघून गेला. त्यानंतर जखमा धुण्याचे, घास भरविण्याचे, रात्री उठून पाणी देण्याचे काम कोणी केले? ते त्या रक्षकाने केले. आणि शोमरोन्याच्या दयेची खरी खोली आम्हांस येथेच दिसते. त्याने रक्षकाला 'परोपकार कर, देव तुझे भले करील' एवढेच सांगून निरोप घेतला नाही. त्याने दोन दिनार काढून त्याच्या हातावर ठेवले आणि याहून अधिक खर्च झाला तर परतताना भरून देण्याचे वचन दिले. एक दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. जखमी माणसावर दया करणाऱ्याने त्याची शुश्रूषा करणाऱ्याचाही विचार केला होता.

साथीच्या रोगांचा इतिहास वाचताना आम्हांस या रक्षकाची वारंवार आठवण होते. इतिहासकार मृतांची संख्या मोजतात, सरकारे केलेले कायदे मोजतात, शास्त्रज्ञ शोधून काढलेल्या लसी मोजतात. परंतु ज्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्री जागविल्या, घरोघर फिरून ताप मोजला, मैला उचलला, प्रेते वाहिली, त्यांच्या हातावर समाजाने काय ठेवले, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. मुंबईतील १८९६ च्या प्लेगपासून भिवंडीतील २०२० च्या करोनापर्यंतचा हा सव्वाशे वर्षांचा प्रवास त्या एकाच प्रश्नाच्या उजेडात पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मांडवीतील तो सप्टेंबर

मुंबईच्या मांडवी भागात गोदीजवळच्या दाटीवाटीच्या चाळींत १८९६ च्या पावसाळ्यात माणसे अचानक तापाने फणफणून दगावू लागली. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस यांनी हा ताप ग्रंथिज्वराचा, म्हणजे प्लेगचा आहे, असे निदान केले. डॉ. व्हिएगस हे गोव्यातील हडफडे गावचे कॅथोलिक, मुंबईच्या सेंट झेवियर्सचे विद्यार्थी आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावापाशी उभा असलेला त्यांचा पुतळा आजही येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसतो, परंतु तो कोणाचा आणि कशासाठी, हे आपल्या तरुण पिढीपैकी किती जणांना ठाऊक आहे?

निदान झाले, आणि पाठोपाठ सक्ती आली. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिका आयुक्त स्नो यांनी जाहीरनामा काढून रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार हाती घेतला. लोकांत भयाची लाट उसळली. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे त्याच्या शरीराचे काहीतरी भयंकर करतात, अशा अफवा चाळीचाळींतून पसरल्या. त्याच महिन्यात संतप्त गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयाच्या आत जे परिचारक आणि परिचारिका होत्या, त्यांनी ना नियम केले होते ना जाहीरनामा काढला होता. तरीही दगड आले ते त्यांच्याच अंगावर. नियम करणारा दूर कचेरीत असतो आणि लोकांचा रोष झेलणारा उंबरठ्यावर उभा असतो, ही गोष्ट त्यानंतरच्या प्रत्येक साथीत आपणांस पुन्हा दिसते.

स्नो यांच्या अहवालात एक बाब विशेष लक्षणीय आहे. शहर सोडून माणसांचे लोंढे चालले होते. १८९१ च्या शिरगणतीनुसार मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजारांच्या घरात होती, आणि १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांत त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली होती. अशा वेळी आयुक्तांना सर्वांत मोठी धास्ती कशाची वाटत होती? मैला वाहून नेणारे सफाई कामगार, ज्यांना त्या काळी हलालखोर म्हणत, तेही शहर सोडून जातील याची. ते गेले असते तर मुंबई काही दिवसांतच राहण्याजोगी उरली नसती. ऑक्टोबर संपता संपता सक्तीचे नियम सैल करण्यात आले, त्यामागील एक प्रमुख कारण हेच होते. ज्यांची सावलीही अंगावर पडू नये असे मानले जाई, त्यांच्या पायांवर सारे शहर उभे आहे, हे साथीने सरकारला शिकविले. मात्र साथ ओसरली आणि तो धडाही ओसरला.

भगिनी, वस्त्या आणि विश्वास

प्लेगच्या रुग्णालयांना परिचारिका मिळणे कठीण झाले, तेव्हा पुढे आलेल्यांत आपल्या व्रतस्थ भगिनी होत्या. बेल्जममधील लिएज येथे स्थापन झालेल्या 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या संस्थेच्या भगिनी मुंबईच्या प्लेग रुग्णालयांत शुश्रूषेस उभ्या राहिल्या. त्या काळच्या अहवालांत त्यांचा उल्लेख 'फीय द ला क्र्वा' या फ्रेंच नावाने येतो. या परंपरेची मुळे खोल आहेत. रोममध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता संत अलॉयसियस गोन्झागा १५९१ साली वयाच्या २३ व्या वर्षी निवर्तले. त्याच वर्षी संत कमिलस यांच्या संघाला व्रतस्थ संघाची मान्यता मिळाली. प्राण संकटात आले तरी रुग्णांची सेवा सोडणार नाही, असे चौथे व्रत त्या संघाचे सदस्य घेतात.

या परंपरेचा आपणांस अभिमान आहे आणि तो असावाच. परंतु तिच्यामुळे एक गैरसमजही मूळ धरतो, तो असा की सेवेला निघालेल्या माणसाला स्वतःच्या गरजा नसतात. व्रतस्थ भगिनीच्या पाठीशी तिचा मठ असतो. आजारी पडली तर तिची शुश्रूषा करणाऱ्या इतर भगिनी असतात, आणि म्हातारपणी तिला छप्पर असते. तिच्या दोन दिनारांची सोय तिच्या संघाने करून ठेवलेली असते. ज्या बाईला घरी भाडे भरायचे आहे आणि मुलांच्या शाळेची फी द्यायची आहे, तिच्याकडून भगिनीसारख्या निष्काम सेवेची अपेक्षा धरणे आणि तिला मठाचा आधार मात्र न देणे, हा उघड अन्याय आहे.

मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमण्यात आली. घरझडत्या तिच्याही काळात चालू होत्या आणि त्या जाचकच होत्या. तथापि या काळात एक शहाणपणाची गोष्ट घडली. पारशी, जैन, खोजे, मेमन अशा निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालये काढण्यास उत्तेजन देण्यात आले. पुण्यातही लोकमान्य टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदू प्लेग रुग्णालय काढले. जेथे आपली भाषा बोलणारे, आपले खाणेपिणे जाणणारे लोक शुश्रूषेला होते, तेथे लोक रुग्ण आणू लागले. विश्वास हेही एक औषध आहे.

हा विश्वास नसला म्हणजे काय होते, ते ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात दिसले. तेथील मोमीन विणकरांच्या वस्तीत आजारी मुलीला तपासण्यावरून वाद पेटला, त्याची दंगल झाली, गोळीबार झाला आणि माणसे प्राणास मुकली. भिवंडीकर वाचकांनी हा प्रसंग अवश्य ध्यानात ठेवावा. उत्तर हिंदुस्थानातून हातमाग घेऊन दक्षिणेकडे आलेल्या ज्या विणकर कुटुंबांनी मदनपुरा वसविला, त्यांच्याच भाऊबंदांनी मालेगावला आणि आमच्या भिवंडीला मागांचा खडखडाट दिला.

अधिकाराचा कायदा

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सरकारला वाटतील ते उपाय योजण्याचा अधिकार त्याने दिला, आदेश मोडणाऱ्यास शिक्षा सांगितली आणि सद्भावनेने काम करणाऱ्यावर खटला भरता येणार नाही असे संरक्षण दिले. परंतु शुश्रूषा करणाऱ्याला काय द्यावे, तो आजारी पडल्यास त्याला कोणी पाहावे, तो मेल्यास त्याच्या लेकरांचे काय, याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबांच्या कारभाराने लोक पोळले होते. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी त्यांच्यावर गोळी झाडली, हा इतिहास शाळेत शिकविला जातो. त्याआधी तीन महिने पुण्याजवळ जे घडले ते मात्र अलीकडच्या काळातच अधिक सांगितले जाऊ लागले. सावित्रीबाई फुले यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. डॉ. यशवंत यांनाही पुढे १९०५ साली प्लेगनेच गाठले. त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबाचे दिवस हलाखीत गेले. एका घरातील दोन माणसे रुग्णसेवेला वाहिली गेली, आणि त्या घराकडे वळून पाहणारा शोमरोनी कोणी निघाला नाही.

स्वयंसेवकांची साथ

पहिले महायुद्ध संपत आले असताना जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझाने पाऊल ठेवले. १० जूनला गोदीवर पहाऱ्याचे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती विक्राळ होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. संपूर्ण हिंदुस्थानात किती माणसे गेली याचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात.

पुष्कळसे डॉक्टर युद्धावर गेलेले होते. सरकारी यंत्रणा तोकडी पडली आणि समाज पुढे आला. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेली सोशल सर्व्हिस लीग आणि जातीजमातींची मंडळे औषधे व मदत घेऊन चाळीचाळींतून हिंडली. १८९६ मध्ये जे लोक रुग्णालयावर दगड फेकीत होते, त्यांनी १९१८ मध्ये या स्वयंसेवकांना दारे उघडली, कारण येणारा माणूस धरून न्यायला येत नाही, द्यायला येतो, हे त्यांना दिसत होते.

परंतु येथेच 'स्वयंसेवक' हा शब्द आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या कारभारात घट्ट रुजला. संकटकाळी चार आठवडे धावून जाणारा सुखवस्तू तरुण हा खरा स्वयंसेवक होय. तोच शब्द वर्षाचे बारा महिने राबणाऱ्या गरीब बाईला लावला, म्हणजे तिला पगार नाकारण्याची सोय होते.

भिवंडीचेच जुळे भावंड शोभावे अशा सुरत शहरात सप्टेंबर १९९४ मध्ये फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली, तेव्हा यंत्रमागांवरील परप्रांतीय मजूर आगगाड्यांना लोंबकळत पळाले आणि त्यांच्याबरोबर अनेक खासगी डॉक्टरांनीही दवाखान्यांना कुलपे लावली. जे सरकारी रुग्णालयात राहिले, त्यांनी साथ निभावली. राहणाऱ्याला राहण्याचे बळ कशाने मिळते, हा विचार तेव्हाच व्हावयास हवा होता.

माग थांबले तेव्हा

मार्च २०२० च्या अखेरीस भिवंडीचे माग थांबले. या गावाचा तो खडखडाट इतका अंगवळणी पडलेला असतो की तो बंद झाला तेव्हाची शांतता कानांना बोचत होती. २०११ च्या जनगणनेनुसार ७ लाख ९ हजारांहून अधिक वस्तीचे हे शहर. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे मजूर, तेथे 'अंतर राखा' हा आदेश कोणी कसा पाळावा? मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे मजुरांची विशेष गाडी सुटली. जे मागे राहिले त्यांच्यामध्ये जूनमध्ये रोग वेगाने पसरला. इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय करोनासाठी राखून ठेवल्यावर इतर आजारांच्या गरीब रुग्णांनी जावे कोठे, हाही प्रश्न उभा राहिला.

त्या जूनमध्ये शांतीनगरातील मक्का मशिदीत प्राणवायूची सोय असलेले केंद्र उघडण्यात आले. टाळेबंदीमुळे नमाजासाठी बंद असलेल्या वास्तूत रुग्णांना विनामूल्य प्राणवायू मिळू लागला. ज्यांना घरीच प्राणवायू हवा होता त्यांच्याकडे नळकांडी पोहोचविली गेली. कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला तेथे दार उघडे होते. महापालिकेनेही वस्त्यांत दवाखाने सुरू केले आणि धर्मगुरूंना बरोबर घेऊन लोकांची समजूत घातली. मदनपुऱ्याच्या दंगलीनंतर १२२ वर्षांनी विणकरांच्याच शहरात हे घडले. १८९७ च्या समाजा-समाजांच्या रुग्णालयांचा धडा, कोणी तो वाचलेला असो वा नसो, भिवंडीने पुन्हा गिरविला.

आता या सगळ्यामागे उन्हातान्हात कोण हिंडत होते ते पाहू. त्या होत्या 'आशा' सेविका, अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि सफाई कामगार. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा साधारण हजार वस्तीमागे एक अशी गावातलीच बाई 'आशा' म्हणून निवडण्याची योजना आली. २०१३ साली शहरी अभियान आल्यावर शहरांतील गरीब वस्त्यांतही आशा नेमल्या गेल्या. महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे ७० हजार. कागदोपत्री त्या कर्मचारी नाहीत, मानद कार्यकर्त्या आहेत. म्हणून त्यांना वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे.

करोनाकाळात त्यांनी काय केले नाही? बाहेरगावाहून आलेल्यांची नोंद, घरोघर ताप तपासणे, विलगीकरणातील कुटुंबांवर लक्ष, आणि १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत प्रत्येक घरी जाऊन प्राणवायूची पातळी मोजणे. हे करताना देशाच्या अनेक भागांत त्यांना संशयाने पाहिले गेले, हुसकावले गेले, कोठे कोठे मारहाणही झाली. आर्थर रोडवरचे दगड सव्वाशे वर्षांनी पुन्हा उंबरठ्यावरच्या माणसाला लागले.

२२ मार्च २०२० च्या सायंकाळी पाच वाजता देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजवून त्यांचे आभार मानले. त्यात खोटे काही नव्हते. केंद्राने २६ मार्चला आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची घोषणा केली आणि त्यात आशा व सफाई कामगार यांचाही समावेश केला. साथरोगाच्या इतिहासात परतताना अधिक खर्च भरून देण्याचे वचन असे प्रथमच इतक्या स्पष्ट शब्दांत दिले गेले. परंतु रोजच्या श्रमाचे दोन दिनार? करोनाच्या कामासाठी केंद्राने महिना १,००० रुपये ठरविले, म्हणजे दिवसाला तेहतीस-चौतीस रुपये. अखेर १५ जून २०२१ रोजी महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले. आठवड्याभराने समेट झाला आणि दरमहा दीड हजार रुपयांची वाढ मान्य झाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. राज्यात मोठी, म्हणजे दरमहा ५,००० रुपयांची वाढ मिळण्यास मात्र मार्च २०२४ उजाडावा लागला, आणि तीही नव्या आंदोलनांनंतरच. सन्मान आधी आला, मोबदला मागून आला, असा हा क्रम आहे.

कायद्यालाही जाग आली. २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती करण्यात आली आणि आरोग्यसेवकांवरील हल्ल्यास तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर इजा झाल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद ठरविण्यात आली. सप्टेंबरमध्ये संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. उंबरठ्यावर उभे असलेले माणूस कायद्याच्या नजरेस पडायला १२३ वर्षे लागली.

योग्य वार्ता, योग्य वेळी

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे असेही कोणी समजू नये. वसई, मुंबई, गोवा येथील अनेक घरांतील लेकीसुना परदेशांत रुग्णांची व वृद्धांची शुश्रूषा करतात, म्हणून इंग्लंडचे उदाहरण देतो. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तेथील रुग्णालयांतून वृद्धांना तपासणी न करताच वृद्धनिवासांत पाठविण्यात आले. लक्षणे नसलेला माणूसही रोग पसरवू शकतो, ही शंका तोवर जाणकारांनी बोलून दाखविली होती, परंतु वृद्धनिवासांच्या सेविकांपर्यंत ती सूचना वेळेवर पोहोचली नाही. आलेल्यांना काही दिवस वेगळे ठेवा, एवढा सल्लाही दिला गेला नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदेशीर ठरविले.

यातून दिसते की शुश्रूषा करणाऱ्यास पैशाइतकीच खऱ्या माहितीची गरज असते. आपल्याकडेही करोनाकाळात सूचना आठवड्या-आठवड्याला बदलत होत्या. मार्च २०२० मध्ये आरोग्यसेवकांनी प्रतिबंधासाठी घ्यावी म्हणून सुचविलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळीचा तसा उपयोग नाही, असे पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेच मार्च २०२१ मध्ये सांगितले. नवा रोग असेल तेथे ज्ञान बदलणारच, त्यात दोष नाही. परंतु बदललेली सूचना तिच्या भाषेत, तिच्या हाती, तिला घराबाहेर पडण्यापूर्वी मिळाली पाहिजे. वस्तीतील बाई प्रश्न विचारते ती मंत्र्याला नव्हे, दारातल्या आशाताईला. तिला उत्तर ठाऊक नसेल तर त्या रिकाम्या जागेत अफवा शिरते.

एका बाबतीत मात्र इतिहास पुढे सरकला. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात ती स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली गेली. १६ जानेवारी २०२१ रोजी करोनाची लस देशात आली तेव्हा रांगेत पहिला मान आरोग्यसेवकांना आणि सफाई कामगारांना मिळाला. हे योग्यच झाले. परंतु तोवर पुष्कळ उशीर झाला होता. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्यसेवक करोनाने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आपल्या हातातील दिनार

या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या साथीत शुश्रूषा करणाऱ्याला खरी माहिती, अंगावर संरक्षण, हाती मोबदला आणि लोकांचा विश्वास मिळाला, तेथे लोक वाचले. जेथे त्याला नुसता आदेश मिळाला, तेथे तो एकटा पडला आणि त्याच्याबरोबर रुग्णही एकटा पडला. हलालखोर निघून जातील म्हणून आयुक्त स्नो घाबरले, कारण त्यांच्यावाचून शहर चालत नाही हे त्यांना कळले होते. हे कळण्यासाठी भीतीच वाटावी लागते काय? कृतज्ञतेने कळू नये काय?

धर्मग्रामातील कुटुंबांना येथे करण्याजोगे पुष्कळ आहे. आपल्या गल्लीत येणाऱ्या आशाताईचे नाव आपणांस ठाऊक असावे. ती दारात आली तर तिला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी मिळावे. घरातील वृद्धांसाठी ठेवलेल्या सेविकेला ठरलेल्या दिवशी पगार आणि आठवड्याची सुटी मिळावी, आणि ती आजारी पडल्यास तिचे पैसे कापले जाऊ नयेत. 'ती आमच्या घरचीच आहे' या गोड वाक्याने तिची मजुरी कमी होऊ नये. संकट येईल तेव्हा सभागृहाच्या चाव्या कोणाकडे, प्राणवायूची नळकांडी कोठून मिळतील, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी कोणाजवळ, हे आजच ठरवून ठेवणे अवघड नाही. मक्का मशिदीने आमच्या शहराला हे करून दाखविले आहे. आणि आशा, अंगणवाडी सेविका किंवा परिचारिका न्याय्य मागणीसाठी रस्त्यावर बसतील, तेव्हा 'सेवेचा मोबदला कसला मागता' असे म्हणणाऱ्यांत आपला आवाज नसावा.

साथ पुन्हा येईल. कधी, कोणत्या नावाने, ते सांगता येणार नाही, परंतु इतिहासात ती कधी कायमची गेलेली नाही. त्या दिवशी थांबणारे शोमरोनी निघतील याविषयी आम्हांस शंका नाही, आपल्या समाजात दयेला तोटा नाही. प्रश्न दुसऱ्या दिवसाच्या सकाळचा आहे. शोमरोनी आपल्या वाटेने निघून जातो आणि जखमी माणूस उतारशाळेतच असतो. तेथे रात्रभर जागलेल्या रक्षकाच्या हातावर आपण काय ठेवून निघतो, यावर त्या जखमी माणसाचे जगणे अवलंबून असते.